धर्माजी सीट सोडत नाही

चिंचणीच्या धर्माजीला लोक चेहऱ्याने कमी आणि मानेने जास्त ओळखतात. बोईसरच्या कारखान्यांची शिफ्टची बस तो इतकी वर्षं चालवतोय, की त्याच्या मागे बसून कामाला गेलेली पोरं आता आपल्या पोरांना नोकरीला चिकटवायला घेऊन येतात. माणसं चढतात, झोपतात, उतरतात. धर्माजी त्यांना दिसतो तो मागून.

त्याची बायको विजया, तिची गतही काही निराळी नाही. लग्नाची वरात टेम्पोतून आली, तेव्हा टेम्पो चालवायला नवरामुलगाच होता. का, तर ठरवलेला ड्रायव्हर पंगतीत इतका जेवला की पेंगायला लागला. विजया मागे करवल्यांच्या गर्दीत शालू सावरत बसलेली, आणि पुढे मुंडावळ्या बांधलेली मान. तेव्हापासून ती मानच बघत आली. मानेवर किती वळ्या आहेत, उन्हाळ्यात घामोळं कुठे येतं, सगळं तिला ठाऊक. तोंडाबद्दल विचारलंत तर जरा आठवून सांगेल.

बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. देवाधर्माचा एक नेम त्याने धड पाळला नाही, चतुर्थीला चोरून बोंबील खाईल. पण गाडीचे दोन नेम मोडायचा नाही. एक म्हणजे, गाडीत माणूस असेपर्यंत ड्रायव्हरने सीट सोडायची नाही. त्या बसचा हँडब्रेक नुसता शोभेचा, त्यामुळे पाय ब्रेकवर हवाच. आणि दुसरा, झोपलेल्या कामगाराला उठवायचं नाही.

"रातभर मशीनपुढं उबा ऱ्हायलेला माणूस हाय तो," धर्माजी म्हणायचा. "त्याचा स्टॉप आला की त्याचं अंगच त्याला उठवतं. आपन कोन उठवनारे?"

आणि तसंच व्हायचं. त्या रस्त्याचे खड्डे, वळणं, गतिरोधक माणसांच्या अंगात मुरलेले. आपापला हादरा आला की जो तो डोळे न उघडता उठायचा, डबा काखेत मारायचा आणि उतरून चालायला लागायचा.

यंदा थंडीत सुट्ट्या जोडून आल्या. शुक्रवार, शनिवार, रविवार, कारखाना बंद. विजयाने चुलीपुढे बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मला तलाव बगायचेत. समुद्र बगून डोळे खारट झाले माजे. देवकोप, वांद्री, जव्हारचा जयसागर. आनि एक सांगते. मला तिथं काय नको. बोट नको, भजी नको. फक्त पान्याच्या कडेला तुमी माज्या बाजूला बसायचं. पुडं नाय, बाजूला."

"बसतो की," धर्माजी म्हणाला. "त्यात काय हाय?"

विजयाची थोरली बहीण दमयंती पालघरजवळच्या माहीमहून आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, नारळीची वाडी एकटी सांभाळते, आणि गप्प बसणं तिला डॉक्टरने सांगितलं तरी जमायचं नाही. अंगणात उभी राहिलेली ती अख्खी बस बघून तिने कपाळावर हात मारला.

"भावजी, तिघांना केवडी ही गाडी! आमी लोळत जायचं काय?"

"मला ल्हान गाडी चालवता येत नाय, बाय," धर्माजी म्हणाला. "मागं कायच नसल्यावानी वाटतं."

बसचा मालक शैलेश मोकळ्या मनाचा. डिझेल तुमचं टाका नि घेऊन जा, म्हणाला. धर्माजीने शुक्रवारी पहाटे रात्रपाळी उतरवली, आणि विजया वाट बघत असेल म्हणून शेवटचा स्टॉप सोडून अलीकडूनच गाडी घराकडे वळवली. शेवटचा स्टॉप म्हणजे एका बंद पडलेल्या कारखान्याचं गेट. तिथे हल्ली फारसं कोणी उतरत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मागची सीट तपासली नाही. बायकोसाठी घाई केली, आणि तीच बायकोला भोवली.

तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, चटया, पाण्याचा हंडा चढला. बायका चढल्या. गाडी निघाली, आणि बोईसरात शिरताच थांबली. दार उघडलं. रस्ता रिकामा. दार मिटलं. पुढे पुन्हा थांबली, पुन्हा दार उघडलं.

"कोनासाटी थांबताय?" विजयाने विचारलं.

"स्टॉप हाय."

"पन माणूस नाय!"

"माणूस नसला तरी स्टॉप असतोच ना गो."

दमयंतीने पदरात तोंड लपवलं आणि पालघर येईपर्यंत हसत राहिली.

देवकोपचा तलाव डोंगराच्या कुशीत निवांत पसरलेला होता. पाण्यात पाणकोंबड्या बुड्या मारत होत्या. विजयाने काठावर चटई अंथरली, तिच्यावरचे खडे हाताने झाडले, एका बाजूला आपण बसली आणि दुसरी बाजू हाताने थोपटून म्हणाली, "या."

धर्माजीने एक पाय खाली टाकला. सवयीने आरशात बघितलं. मागच्या लांब सीटच्या टोकाला दोन जाडजूड बूट दिसले. बुटांत पाय होते.

त्याने खाली टाकलेला पाय वर घेतला.

मागे झोपला होता हितेश. तलासरीकडच्या डोंगरातला पोरगा, बोईसरला भाड्याच्या खोलीत राहणारा. सुट्टीआधी दुसऱ्यांच्या पाळ्याही त्यानेच केल्या होत्या, एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. गाडीत आडवा झाला तो असा झोपला, की दगडालाही हेवा वाटावा. उतरायचं होतं गेटला. गेटचा खड्डा आलाच नाही, मग अंग उठवणार कशाने?

"उटवा की त्याला," विजया म्हणाली.

"नाय."

"मंग ऱ्हाऊ दे झोपलेला, तुमी खाली या. चाकाखाली दगड लावते मी."

"दगड म्हंजे माणूस नाय," धर्माजी म्हणाला. "दगडाला काय पडलीय?"

त्याने इंजिन बंद करून बघितलं. आवाज थांबल्याबरोबर हितेश चुळबुळला, कळवळून पुटपुटला, "लाइट गेली काय?" धर्माजीने घाईने किल्ली फिरवली. इंजिन धडधडायला लागलं आणि हितेशच्या तोंडावर बाळासारखं समाधान पसरलं. मशीनपुढे राबणारा माणूस, त्याला शांतता बाधते.

तेव्हा देवकोपचा तलाव विजयाने बघितला तो पाठीमागे धडधडणाऱ्या बससकट. सहलीला आलेले लोक येऊन भांडून गेले. धर्माजी खिडकीतून हात जोडून सांगायचा, "पेशंट हाय वो मागं." लोक डोकावायचे, हितेशचा उघडा जबडा बघायचे आणि हळहळून परतायचे. एक बाई तर केळी ठेवून गेली. दमयंतीने ती खाल्ली.

"आनि भावजी, लगवीला?" तिने विचारलं.

"ते माजं मी बगतो," धर्माजी म्हणाला. पुढे कोणी विचारलं नाही.

दुपारी हितेशला भूक लागली. म्हणजे तो उठला नाही, नुसता बसता झाला. डोळे मिटलेलेच. दमयंतीने हातात भाकरी दिली तर त्याने ती चटणी लावून शिस्तीत खाल्ली, बोटं चाटली, खाली उतरून झाडामागे जाऊन आला, पायरीला न ठेचकाळता वर चढला आणि विचारलं, "काका, गेट आलं?"

खोटं बोलायची संधी देवाने ताटात वाढून दिली होती. विजया ओरडली, "आलं, आलं! उतर बाबा!"

हितेश दारापर्यंत गेला. क्षणभर थांबला. पायाला काही जाणवेना. "नाय आलं," असं स्वतःशीच म्हणून तो परत जाऊन आडवा झाला.

"बगितलंस?" धर्माजी म्हणाला. आवाजात चक्क अभिमान होता. "असं असतं अंग."

विजयाने त्या मानेकडे असं बघितलं, की दुसऱ्या कोणाची असती तर भाजली असती.

रात्री मनोरला देवळाच्या पडवीत दोघी बहिणी झोपल्या, धर्माजी स्टेअरिंगवर डोकं टेकून. शनिवारी वांद्रीचं धरण. तिथे कोणा मंडळाची सहल आलेली, त्यांनी कपाटाएवढे स्पीकर लावलेले. विजयाच्या जिवात जीव आला. या दणक्याने मेलेला उठेल, तर हा का नाही? हितेश घोरायला लागला, तोही तालावर. दमयंतीने मग जवळ्याचा डबा उघडून त्याच्या नाकाखाली धरला. तो झोपेत गोड हसला, आणि हात पुढे केला.

"बाय, हात लावायचा नाय हां," पुढून आरशातून आवाज आला.

"मी नाय लावला, त्यानंच लावलाय!"

विजया काठावरून उठली. चटई गुंडाळली. बसमध्ये चढली आणि धर्माजीच्या बरोबर मागच्या सीटवर बसली.

"काय झालं? तलाव नाय बगायचा?" धर्माजीने न वळता विचारलं.

"हितून बगते. तुमच्या कानाच्या बाजूनं थोडा दिसतोय." मग हलक्या आवाजात ती म्हणाली, "आता एकच तलाव ऱ्हायला. उद्याला जयसागरवर तुमी माज्या बाजूला बसला नाय, तर चिंचणीला मी या गाडीनं यायची नाय. बायकडं माहीमला खोली हाय."

"खोलीत नारळ भरलेत," दमयंती म्हणाली.

"नारळांवर झोपीन."

धर्माजीने समोरची काच पुसायला घेतली. पण मान लाल झाली. विजयाला मानेची भाषा कळते. तिला समजलं, की घाव लागला.

रविवारी विक्रमगडहून गाडी जव्हारचा घाट चढू लागली. चढणीला बसने धूर सोडला, कुरकुर केली. हितेश सीटवरून घसरून खाली पडला आणि खालीच झोपला. जयसागर आला. थंडीतलं निळंशार पाणी, भोवती रान, माणूसकाणूस नाही. धर्माजीने गाडी सपाटीला लावली. पाय ब्रेकवर, हात स्टेअरिंगवर. तोंड असं, की फाशीची वाट बघणारा बरा.

"विजया, काय करू सांग. मला बसायचंय गो. खरंच बसायचंय. पन तीस-पस्तीस वर्सं जे केलं नाय ते आता कसं करू?"

त्या बोलण्यात इतका खरेपणा होता, की विजयाला रागवायचं सुचेना. ती बराच वेळ हितेशच्या बुटांकडे बघत बसली. मग एकदम म्हणाली, "त्याला उटवू नका. त्याला गेटावर न्या."

"गेट बोईसरला हाय!"

"गेट आनायचं हितं. इंजिन चालू हाय ना? माजं ऐकत चला."

तिने पायांतल्या चपला काढल्या, दोन्ही पाय बसच्या पत्र्यावर नीट ठेवले आणि डोळे मिटले. "कारखान्यातून निगालो. पयलं डावीकडं वळन, मोटं. आता सरळ. सरळ... आता हळू. गतिरोधक. जोडीचे हायेत."

"हितं कुटले गतिरोधक?"

"बाय, दगड टाक!"

दमयंती नारळ उतरवणारी बाई. लुगडं खोचून ती बसच्या पुढे धावली आणि रस्त्याकडेचे दगड ओळीने मांडले. बस धाडकन चढली, धाडकन उतरली. पुन्हा चढली, पुन्हा उतरली.

"आता उजवीकडं. पुलाचा चढ. गेर टाका. आता उतार. ब्रेक, ब्रेक, सोडा. हितं तुमी कायम शिवी देता."

धर्माजीच्या तोंडातून शिवी आपोआप गेली. मग तो थबकला. "तू तर गेटाच्या रस्त्यानं कदी आली नाय. तुला कोनी सांगितलं?"

"तुमच्या लाथांनी," विजया डोळे मिटूनच म्हणाली. "रोज राती झोपेत गाडी चालवता तुमी. डावा पाय क्लच, उजवा ब्रेक. पोटऱ्यांवर वळ हायेत माज्या. आता पुडं बगा, सरळ घ्या, लांब सरळ. हितं तुमी जरा शांत असता. हितं माजा डोळा लागतो."

त्या रानात, पाण्याच्या कडेच्या रस्त्यावर, ती अख्खी बस पुढे जात होती, मागे येत होती, वळत होती, नसलेल्या पुलावर चढत होती. दमयंती दगड उचलून पुढे पळत होती आणि मांडत होती. एक गुराखी म्हशी घेऊन आला, बराच वेळ उभा राहिला, आणि म्हशींना दुसऱ्या वाटेने घेऊन गेला.

"आता गेट," विजया म्हणाली. "गेटला काय होतं ते नीट सांगते. डावं चाक खाली जातं. मग दोनदा उसळी. दुसरी मोटी. माजी उशी खाली पडते."

असा खड्डा आणायचा कुठून? पण जिथे रस्ता तिथे खोदकाम. जरा पुढे पाइपासाठी चर खणून अर्धवट बुजवलेला होता. धर्माजीने तो बघितला आणि गाडी थांबवली.

"विजया, हे खोटं गेट हाय."

"हादरा खरा हाय ना?"

त्याने विचार केला. हादऱ्याबद्दल त्याला वाद घालता येईना. गाडी पुढे घेतली. डावं चाक खाली गेलं. बस कण्हली, एकदा उडाली, मग दुसऱ्यांदा अशी उडाली की पाण्याचा हंडा आडवा झाला आणि दमयंतीच्या भाकऱ्या भिजल्या.

मागे कोणीतरी खाकरलं. हितेश उठला. डबा काखेत मारला. डोळे मिटूनच सीटा चाचपत पुढे आला आणि म्हणाला, "गेट, काका."

धर्माजीने दार उघडलं.

हितेश उतरला, सवयीने चालायला लागला, आणि पाय पाण्यात गेल्यावर त्याने डोळे उघडले. पुढे जयसागर. मागे डोंगर. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग हळूच वळून म्हणाला, "काका, खोली कुटं गेली?"

"खोली बोईसरला हाय. तू जव्हारला हायेस."

"आज वार काय?"

"ऐतवार."

हितेशने हिशेब केला. "मंग बरोबर हाय," तो म्हणाला. "तीन दिवस झोपायचंच ठरवलेलं." त्याने बूट काढून दगडावर ठेवले आणि तोंड धुवायला वाकला.

बस रिकामी झाली. दमयंतीने न सांगता चारही चाकांना दगड लावले आणि ती भिजलेल्या भाकऱ्या वाळत घालायला लांब निघून गेली. बहिणीला कुठे थांबायचं नाही ते कळतं. विजयाने चटई अंथरली. या वेळी थोपटलं नाही, हाकही मारली नाही. तशीच बसून राहिली.

धर्माजी उतरला. एरवी रुबाबात चालणारा माणूस, पण जमिनीवर त्याला काही सुधरेना. हातांचं काय करावं कळेना. तो आला आणि चटईच्या पुढच्या टोकाला, विजयाच्या पुढ्यात, तिच्याकडे पाठ करून बसला.

"मागं सरका," विजया म्हणाली.

तो सरकला.

"आजून."

तो तिच्या ओळीत आला. विजयाने मान वळवून बघितलं. गालाला खळगा पडला होता. मिशी एका बाजूने जास्त पिकली होती, खिडकीकडच्या. एवढं बाजूने तिने त्याला कधी बघितलं नव्हतं. बरा दिसत होता.

"काय दिसतंय?" तिने पाण्याकडे बोट करून विचारलं.

धर्माजीने मन लावून बघितलं. "पानी हाय."

"आनि?"

"आनि... पलीकडं गाडी वळवायला जागा नाय."

विजया हसायला लागली. हसता हसता तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला, आणि त्याने तो काढून घेतला नाही. वारा सुटला होता. दोघं नुसती बसली.

एवढ्यात मागे पायरीचा पत्रा वाजला. हितेश तोंड पुसत पुसत बसमध्ये चढत होता. मागची लांब सीट, ओळखीची जागा, पोरगं पुन्हा जांभया देत होतं.

धर्माजीचं अंग ताठ झालं. विजयाला ते खांद्याशी खांदा होता म्हणून कळलं. तो अर्धा उठलाच. उजवा पाय आपोआप ब्रेक शोधत मातीत रुतला. विजयाने त्याला धरलं नाही. पाण्याकडेच बघत राहिली.

धर्माजीने बसकडे बघितलं. मग विजयाकडे बघितलं, चांगलं समोरून. मग छातीत हवा भरली आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं.

"हितेश!" तो असा ओरडला की रानातले पक्षी उडाले. "ऊट! खाली ये! झोपायचं तर हितं भुईवर झोप!"

हितेश घाबरून खाली आला आणि बाभळीच्या सावलीत आडवा झाला. धर्माजी परत बसला, बरोबर तिच्या ओळीत. दम लागला होता त्याला.

"रागावला असंल काय गो तो?"

विजयाने वळून बघितलं. हितेश केव्हाच घोरायला लागला होता.

"नाय," ती म्हणाली. "बसा तुमी."

पलीकडून दमयंती ओरडली, भाकऱ्या वाळल्या, कोणी येतंय का जेवायला. दोघांपैकी कोणी उठलं नाही.